कानसाहेबांचं बोट

धाकटीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्या घराला माहीत होतं. पण त्या रविवारी सकाळी तो हातात उतरला होता आणि हातात गरम चहाची किटली होती. दादा समोर खुर्चीत बसून शांतपणे सांगत होता, की बाबांना इथून हलवायचं. खोल्यांचा करार सात आठवड्यांनी संपतोय, करार त्याच्याच नावावर आहे, पुढे वाढवायचा नाही, घरमालकाला त्याने तसं कळवलंय. शांतपणे! धाकटीला दादाच्या बोलण्यापेक्षा त्या शांतपणाचा जास्त संताप यायचा.

"कळवलंस? कुणाला विचारून कळवलंस?"

"अगं, नळ उघडा राहिला. पाणी खालच्या काकूंच्या छतातून त्यांच्या गादीवर पडलं. त्या अर्धा तास दार बडवत होत्या. आणि बाबा आत पेपर वाचत बसलेले. त्यांना ऐकू येत नाही, धाकटे."

"ऐकू येतं! त्यांना दार उघडायचं नसतं. तुला लहानपणापासून माहितीय."

हे मात्र खरं होतं. बाबांनी आयुष्यभर कधी कुणाचं ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ऐकू येतंय की नाही हे कळायला मार्गच नव्हता. हाक मारली तर ओ द्यायची नाही, प्रश्न विचारला तर उत्तर द्यायचं नाही, फोन तर त्यांनी कायमचा आडवा टाकला होता: "जे सांगायचं ते लिहून पाठवा, बडबड नको." बोलायचे ते मात्र खणखणीत. आयुष्य यंत्रांच्या गोंगाटात गेलेलं, हळू बोलणं त्यांना जमलंच नाही.

रेकॉर्डच्या कारखान्यात ते तपासनीस होते. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसायचं आणि प्रत्येक घाण्यातली एक रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. दोष सापडला की एक बोट वर करायचं, आणि काचेपलीकडचा माणूस छापणारं यंत्र थांबवायचा. त्या एका बोटाला अख्खा कारखाना टरकून असे. त्यांना सगळे कानसाहेब म्हणत, आणि ते नाव कारखाना बंद पडल्यावरही घरी आलं. नापास झालेल्या पन्नासेक रेकॉर्ड अजून त्यांच्या कपाटात होत्या, प्रत्येकीच्या पाकिटावर पेन्सिलीने दोष लिहिलेला. त्यांना गाणं विचारलं तर सांगायचे, "दुसरी बाजू, तिसरं मिनिट, टिचकी."

आणि अशा माणसाला दादा आपल्या चौदाव्या मजल्यावर नेणार. तिथे बाबांसाठी काढलेली खोली धाकटीने पाहिली होती. इस्त्रीचं टेबल, व्यायामाची सायकल आणि या दोघांच्या मधे एक पलंग. इथे बाबांना खिडकी होती, खिडकीखाली पेपरवाला होता, कोपऱ्यावरच्या बाकावर त्यांच्यासारखेच चार पेन्शनवाले होते. पस्तीस वर्षांची ऊठबस होती. इथून उचललं तर दोन महिन्यांत हा माणूस मिटेल, असं धाकटीला वाटत होतं आणि तिने ते तसंच्या तसं दादाच्या तोंडावर सांगितलं.

"आणि उद्या गॅस उघडा राहिला तर?" दादा म्हणाला.

इतका वेळ बाबा दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. मग त्यांनी टेबलावर थाप मारली.

"कान ठीक आहेत माझे. तुम्ही आणून दिलेला टीव्हीच बिघडलाय. एक धड हेडफोन आणा, एक रेकॉर्ड लावा, मग दाखवतो ऐकणं कशाला म्हणतात ते!"

दादाने जरा विचार केला. "ठरलं," तो म्हणाला. "करार संपायच्या आधीच्या रविवारी येतो. माझ्यासमोर एक रेकॉर्ड ऐकून दाखवा. ऐकलीत तर मी करार वाढवून सही करतो. नाहीतर मुकाट्याने माझ्याकडे यायचं."

"ठरलं!" हे धाकटी ओरडली. बाबांना विचारलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी दादाने एक महागडा खोका पाठवला. आत बिनतारी हेडफोन, मऊ गाद्यांचे, घडी होणारे. धाकटीचा दोन महिन्यांचा पगार गेला असता त्यात. बाबांनी तो डोक्यावर ठेवला, काढला, उलटासुलटा केला.

"तार कुठाय?"

"याला तार नसते, बाबा."

"मग आवाज कुठून जातो ते दिसणार कसं?" म्हणाले आणि हेडफोन परत खोक्यात गेला. धाकटी खूश झाली. दादाचा पैसा दादाच्या तोंडावर, असं तिला झालं. बाबांच्या बोलण्याकडे तेव्हा तिने लक्षच दिलं नाही.

आता सामान जमवायचं तिच्या ऐपतीत. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायचं काम करायची, महिनाअखेर काही उरत नसे. बाबांनी तिला एक नियम दिला. "सगळा पैसा सुईत घाल. उरला तो हेडफोनमध्ये. मधलं काहीही असलं तरी चालतं. आणि ती सुटकेससारखी गोंडस पेटी मिळते ना, ती आणलीस तर उंबऱ्याबाहेर ठेव. तिची सुई रेकॉर्ड वाजवत नाही, नांगरते."

बाजारामागच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने अर्थातच तीच पेटी पुढे केली. "ताई, सगळं यातच. स्पीकर आत, रंग चार."

"मला रंग नको, आवाज हवाय."

"आवाजाला काय धाड भरलीय? लोक तर हीच नेतात."

"लोक नेतात ते तुम्ही देता म्हणून! मागे फळीवर ती धूळ खात पडलीय ती काय शोभेला ठेवलीय?"

फळीवर रेकॉर्ड फिरवणारी एक जुनी जड तबकडी होती, झाकण नसलेली, काठाला बारीक ठिपक्यांची नक्षी, कडेला एक बारका दिवा. दुरुस्तीवाला म्हणाला, तिचा पट्टा गेलाय, सुई गेलीय, तिच्यात आता राम नाही. धाकटीने त्याच्याशी तासभर हुज्जत घातली आणि ती तबकडी पेटीच्या पाव किमतीत उचलली. पट्टा नवा टाकून घेतला. सुई मात्र कोरी आणली, चांगली, आणि ती घेताना तिने पैसे दोनदा मोजले. सुईचा आवाज इतका बारीक असतो की तो वाढवायला मधे एक लहान डबा लागतो. तो दुरुस्तीवाल्याने स्वतः जोडून दिला, पुढे आवाजाचं एक बटण आणि हेडफोनचं एक भोक, बस्स. हेडफोन मिळाले एका बंद पडलेल्या भाषावर्गातून. जुने, तारेचे, चांगले दणकट, फक्त कानाच्या गाद्या सोलवटलेल्या. धाकटीने नवऱ्याची जुनी मखमली पँट फाडून नव्या गाद्या शिवल्या. नवरा म्हणाला, "निदान विचारायचं तरी." ती म्हणाली, "तू ती घालून कुठे नाचणार होतास?"

पहिल्या रविवारी सगळं जोडून तिने बाबांच्या कपाटातली एक रेकॉर्ड लावली. बाबा खुर्चीत ताठ बसले, हेडफोन लावले, तिच्याकडे आणि तबकडीकडे आलटूनपालटून पाहिलं. दहा सेकंद झाली नाहीत तोच बोट वर.

"गुणगुण येतेय. मागची मोकळी तार डब्याला लावली नाहीस तू."

धाकटीने हेडफोन कानाला लावला. खरंच, गाण्याखाली एक जाड गुणगुण होती, माशी बाटलीत अडकल्यासारखी. मागे बघितलं तर बारीक हिरवी तार लोंबत होती. ती स्क्रूखाली कसली आणि गुणगुण चाकूने कापावी तशी गेली. काय कान आहेत या माणसाचे!

दुसऱ्या खेपेला बोट वर: "डावं उजवीकडे येतंय, उजवं डावीकडे." खरंच, लाल पिन पांढऱ्या भोकात होती. मग: "स-श फुसफुसतायत. सुई साफ कर." सुईच्या टोकाशी धुळीचा बोंडा बसला होता. मग: "एका बाजूला जोर जास्त. सुईचं डोकं तिरपं आहे." तेही खरं. मग तबकडी सरळ नव्हती म्हणून त्यांनी तिला पाण्याचा पेला काठावर ठेवून पायांखाली पुठ्ठे सरकवायला लावले. मग सुई धरणाऱ्या दांडीचं वजन. "दोन ग्रॅम. जास्त ठेवलंस तर सुई खणते, कमी ठेवलंस तर उड्या मारते." ते तोलायला तिने चष्म्याच्या दुकानातला नाजूक काटा आणला, मालकाची नजर चुकवून.

पाच रविवार असे गेले. एकदाही "बरं झालं" नाही. एकदाही "दमलीस का" नाही. धाकटी वाकून वाकून कंबर धरून उठायची आणि समोर ते बोट. तिला लहानपणाची प्रगतीपुस्तकं आठवायची, त्यातला नेमका कमी मार्कांचा विषय शोधणारं तेच बोट. तळपायाची आग मस्तकात जायची. "एवढी मरमर करतेय, कुणासाठी?" ती एकदा ओरडली. बाबा तिच्या ओठांकडे बघत म्हणाले, "ओरडू नको. दांडी हलते."

पण दुकानात ती फुशारक्या मारायची. आमचे बाबा ऐंशीच्या घरात, पण धुळीचा कण कानाने ओळखतात! दादाला तिने लिहून पाठवलं, "रविवारी येताना पेन घेऊन ये. सहीला लागेल." आणि खरं सांगायचं तर आवाज सुधारत होता. प्रत्येक दोष काढल्यावर ती अर्धं मिनिट हेडफोन लावून बघायची, आणि दर खेपेला आधीच्यापेक्षा काहीतरी जास्त ऐकू यायचं. अख्खी बाजू मात्र तिने ऐकली नव्हती. ती बाबांची परीक्षा होती, तिची नव्हे.

शेवटच्या रविवारी दादा अकरा वाजता आला. बगलेत कराराचे कागद, चेहऱ्यावर तीच शांती. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. धाकटीने रेकॉर्ड मऊ कापडाने पुसली, सुईवर ब्रश फिरवला, दांडी खाली ठेवली. बाबांनी हेडफोन लावले आणि तबकडीवर नजर रोवली. एक मिनिट गेलं. दोन गेली. बोट वर आलं नाही. आज पहिल्यांदा बोट वर आलं नाही! धाकटीने दादाकडे असं बघितलं, की बघ, गिळ आता.

दादा बाबांच्या पाठीमागे उभा होता. त्याने हात पुढे केला आणि डब्यावरचं आवाजाचं बटण हळूच फिरवून पार बंद केलं.

धाकटी किंचाळणारच होती. मग तिने ओठ दाबून धरले. थांब, तिला वाटलं. होऊन जाऊ दे. आता बाबांचं बोट असं उठेल की याची वाचा बसेल. म्हाताऱ्या बापाला फसवतोस काय? घे! ती हाताची घडी घालून उभी राहिली. तबकडी फिरत होती. सुई पुढे सरकत होती. हेडफोनमध्ये ठार शांतता होती. बाबा तबकडीकडे बघत होते आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरत होते.

आणि बोट वर आलं.

धाकटीने आनंदाने टाळी वाजवायला हात उचललेसुद्धा.

"वेग कमी आहे," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले. "अगदी थोडा. गाणारीचा आवाज जाड येतोय."

दादाने फक्त धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत जिंकल्याचा आनंद असता तर तिने त्याला तिथेच फोडला असता, पण तोही नव्हता.

तिच्या दुकानात महिन्यातून एकदा तरी असं गिऱ्हाईक यायचं, ज्याने वाहन परवान्यासाठी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाठ केलेला असायचा. दिसत काही नाही, पण शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवायची. धाकटी अशांना लांबून ओळखायची. तक्ता उलटा टांगायची आणि पकडायची. आणि इथे सहा आठवडे तिच्या सख्ख्या बापाने तिला असंच गुंडाळलं होतं. लोंबणारी तार, लाल पिन पांढऱ्या भोकात, सुईवरचा बोंडा, तिरपं डोकं. सगळं दिसणारं! एकही दोष असा नव्हता जो डोळ्यांना दिसत नव्हता. तार नसलेला हेडफोन म्हणूनच नको होता. आणि ती मूर्ख दुकानभर सांगत सुटली होती, की काय कान आहेत!

तिने बाबांच्या डोक्यावरून हेडफोन उपसून काढला.

"सहा आठवडे!" ती ओरडली. "सहा आठवडे मी कंबर मोडून घेतली! तुम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं? आणि तू रे!" ती दादाकडे वळली. "लाज नाही वाटली? पाठीमागून बटण बंद करतोस? विचारायचं होतंस ना समोरून!"

"समोरून विचारून त्यांनी कधी काय सांगितलंय?" आता दादाचाही आवाज चढला होता. धाकटीला तेवढ्यातही बरं वाटलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. दोघंही एकदम बोलत होती, त्यांना एकाचेही ओठ वाचता येईनात. धाकटीने टेबलावरचा कागद ओढला, पेन्सिल घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: आवाज बंद होता. कागद त्यांच्यासमोर आपटला.

बाबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, कानाच्या पाळ्यांपर्यंत.

"कुणी केला?"

दादाने हात वर केला, शाळेत करतात तसा.

"अस्सं." बाबा उठून उभे राहिले. "तीन वर्षं. तीन वर्षं झाली मला ऐकू येईनासं होऊन. आधी पक्षी गेले, मग घंटा गेली, मग माणसं. आता जमिनीला पाय लावले तर ट्रक गेलेला कळतो, तेवढंच. तीन वर्षं मी एकटा राहतोय इथे. घर जाळलं? उपाशी मेलो? नळ एकदा राहिला. एकदा! त्या दिवसापासून नळ उघडला की टॉवेल खांद्यावर टाकतो आणि बंद केल्याशिवाय काढत नाही. दूध तापवताना भांड्यासमोरून हलत नाही. मला ऐकू येत नाही, डोकं शाबूत आहे!"

"बाबा, सांगायचं होतंत ना," दादा म्हणाला. हळू, पण ओठ नीट हलवून.

"सांगितलं असतं तर तीन वर्षांपूर्वीच मला त्या सायकलशेजारी झोपवलं असतंस." मग ते धाकटीकडे वळले आणि तिला वाटलं आता आपली पाळी. "आणि तू काय बघतेस? आठवड्यातून दोनदा येतेस. 'डबा ठेवलाय, औषध घेतलं का, निघते.' दाराकडे तोंड करून बोलतेस. त्यात ऐकण्यासारखं काय होतं? तीन वर्षं मी नुसती मान हलवतोय. तुम्हा दोघांनाही पत्ता नाही. कळायला बटण बंद करावं लागलं!"

धाकटीला बोलायचं होतं, खूप बोलायचं होतं. मी रांधून आणते, मी धावत येते, मी भांडते तुमच्यासाठी. पण त्यातलं काहीच या आरोपाचं उत्तर नव्हतं. ती खरंच दाराकडे तोंड करून बोलायची. तिची बस असायची.

"आणि वेग कमीच आहे," बाबांनी तबकडीच्या काठाकडे बोट रोखलं. "काय नक्षी समजलात काय ती? ते ठिपके या बारक्या दिव्यात स्थिर दिसायला हवेत. मागे सरकतायत. आवाज बंद असो नाहीतर चालू, वेग कमी तो कमी!"

दोघंही वाकली. ठिपके खरंच मागे सरकत होते, मुंगीच्या चालीने. बाबांनी दाखवलेला स्क्रू धाकटीने पेचकसाने किंचित फिरवला. ठिपके रेंगाळले, थबकले आणि जागच्या जागी उभे राहिले.

ती सरळ झाली आणि दादासमोर हात पसरला. "कागद काढ. सही कर."

"अगं, पण आपलं काय ठरलं होतं?"

"एक चूक दाखव त्यांची. सहा आठवड्यांत एक खोटा दोष सांगितलाय? आणि तीन वर्षं ते एकटे राहिलेत, ती परीक्षा नव्हती? तुझ्या त्या बटणाची तेवढी परीक्षा? सही कर, नाहीतर घरमालकाकडे मी जाते. करार माझ्या नावावर करून घेते, मग भाडं भरायला मला काचांऐवजी दगड घासावे लागले तरी चालेल!"

दादाने बाबांकडे तोंड केलं. बाबा त्याच्या ओठांकडे बघू लागले. तो म्हणाला, "दारावर घंटेऐवजी दिवा लावायचा. मी स्वतः लावणार. आणि कानाच्या डॉक्टरकडे यायचं. नाही म्हणायचं नाही."

"बघू," बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला म्हणजे होकारच. दादाने टेबलावर कागद पसरले आणि सही केली, इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली. मग तो दिव्याच्या तारेसाठी दाराची चौकट मोजायला गेला. तिथे तो बराच वेळ पाठमोरा उभा होता, आणि चौकट काही एवढी मोठी नव्हती.

धाकटीचा राग मात्र गेला नव्हता. भांडण जिंकलं होतं, बाबा इथेच राहणार होते, तरीही. या सगळ्या खटाटोपाचा अर्थ काय? कोरी सुई, हेडफोन, पाय झिजवणं. ज्याच्यासाठी केलं त्याला काहीच ऐकू येणार नाही, कधीच नाही. ती वायर गुंडाळायला लागली.

"बस," बाबा म्हणाले.

"काय?"

"खुर्चीत बस. हेडफोन लाव. बटण उघड."

"मला नाही ऐकायचं आता!"

"बस म्हणतो ना."

ती बसली, चरफडत. बाबांनी सुई उचलून रेकॉर्डच्या सुरुवातीला ठेवली. हात म्हातारा होता, पण सुई पिसासारखी टेकली. आणि मग आवाज आला.

अर्ध्या मिनिटात जे कधी कळलं नव्हतं ते आता कळत होतं. खोली होती. गाणारी एका खोलीत उभी होती, आणि वाजवणारे तिच्यापासून किती लांब बसलेत तेही कळत होतं. ओळ सुरू करण्याआधी तिने घेतलेला श्वास ऐकू येत होता. एवढ्याशा पैशात, पँटच्या गाद्यांतून, इतकं सुंदर काही धाकटीने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

बाबा समोर स्टुलावर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"कसा आहे?"

तिने कागद उलटा केला आणि लिहिलं: चांगला आहे.

त्यांनी वाचलं आणि पेन्सिलीने फुली मारली. "'चांगला' हा काय शेरा झाला? काय काय ऐकू येतंय ते लिही."

"तुम्हाला माहितीय की!" ती म्हणाली, तोंड त्यांच्याकडे करून, एकेक शब्द सुटा. "हीच रेकॉर्ड तुम्ही शंभरदा ऐकलीय!"

"टिचकी ऐकलीय," बाबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. "टिचकी, खरखर, फुसफुस. मला त्याचाच पगार होता. बाकी तिथे काय आहे ते ऐकायचं राहूनच गेलं. वाटलं, रिटायर झाल्यावर ऐकू."

धाकटीने पेन्सिल परत घेतली. आता राग कुणावर काढायचा? कारखान्यावर, कानांवर, स्वतःवर? तिने पेन्सिल इतकी घट्ट धरली की टोक कागदात घुसलं. मग तिने लिहायला सुरुवात केली. आधी एक बाई श्वास घेते. खोली मोठी आहे, छत उंच असावं. डावीकडे कुणीतरी तंतुवाद्य वाजवतंय, त्याच्या बोटांचं घासणंही ऐकू येतं. आता ती हसल्यासारखी गातेय, शब्द संपता संपता.

बाबा तिच्या शेजारी वाकून एकेक अक्षर वाचत होते, चष्मा कपाळावर सरकवून.

"पुढे?" ते म्हणाले.

ती लिहीत होती, नाक ओढत, दात ओठ खात. पान भरलं तेव्हा त्यांनी दुसरं काढून तिच्यापुढे सरकवलं.